कव्हरवर नाव कुणाचं?

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी भिगवण मागे टाकते, तसं डाव्या हाताला पाणी दिसू लागतं. हा उजनीचा फुगवटा. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी उतरतात, भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव चालतो आणि थोडं पुढे रस्त्यालगत डाळज येतं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं वर सरकून नव्या जागी वसली. शेजारच्या पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी ओसरलं की उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात.

महाराष्ट्रातल्या गावाकडच्या गाण्याचा नकाशा काढायला बसलं, तर हा रस्ता त्यात ठळक उठून दिसेल. दौंड तालुक्यातलं चौफुला संगीत बारीच्या लावणी-थिएटरांसाठी ओळखलं जातं. दक्षिणेला बारामती, म्हणजे मोरोपंतांचं गाव. सोलापूरचा रामजोशी तमाशाचा फड गाजवून कीर्तनाकडे वळला, तेव्हा त्यानं याच मोरोपंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून गावोगाव नेल्या. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. माळावरच्या धनगरवाड्यांत ढोल घुमतो, गजी रंगतो, सुंबरान मांडलं जातं. आणि इंदापूरजवळ, याच परिसरात, २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात शाहीर अमर शेख गेले.

एवढं गाणं ज्या रस्त्यानं वाहिलं, त्यातलं ध्वनिमुद्रणात किती उतरलं? आणि जे उतरलं, ते कुणाच्या नावावर? हे कोडं एकट्या महाराष्ट्राचं नाही. गावातलं गाणं जिथे जिथे स्टुडिओत गेलं, तिथे तिथे ते पडलेलं आहे. ते सगळ्यात स्पष्ट दिसतं अमेरिकेत, कारण तिथे गावाकडच्या गाण्याचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्या धंद्याच्या जन्माची तारीखसुद्धा नोंदलेली आहे.

२५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७. स्थळ ब्रिस्टल. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर नावाचा माणूस सामानसुमान घेऊन तिथे आला आणि टोप्यांच्या कंपनीच्या एका जुन्या इमारतीत त्यानं तात्पुरता स्टुडिओ थाटला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या-चादरी लावल्या. विजेवर चालणारा मायक्रोफोन तेव्हा अगदी नवा होता. आधीच्या काळात गायकाला भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे, आता घरात म्हणावं तसं म्हटलं तरी चालत होतं. आसपासच्या डोंगरदऱ्यांतून शेतकरी, गिरणी कामगार, चर्चमध्ये गाणारी कुटुंबं आली. एकूण १९ संच, ७६ गाणी. एका गाण्याचे ५० डॉलर.

त्यात एक कुटुंब होतं कार्टर. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. मेबेल तेव्हा १८ वर्षांची होती आणि दिवस भरत आले होते. तशा अवस्थेत ती गिटार घेऊन बसली. अंगठ्यानं खालच्या पट्टीच्या तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या पट्टीच्या तारांवर ताल, असं दोन्ही एकाच वेळी वाजवण्याची तिची रीत पुढे साऱ्या कंट्री संगीताची रीत झाली. १ आणि २ ऑगस्टला मिळून कार्टर कुटुंबानं ६ गाणी दिली. ४ ऑगस्टला रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स त्याच खोलीत गाऊन गेला. या १२ दिवसांतून अमेरिकन कंट्री संगीताचा बाजार उभा राहिला असं म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

पण कार्टर कुटुंबाच्या कथेत आणखी एक माणूस आहे. तबकड्या खपू लागल्या तशी कंपनीला नवी गाणी हवी झाली. ए. पी. कार्टर घरोघर, वस्तीवस्तीत गाणी गोळा करत हिंडू लागला. शब्द तो लिहून घेई, चाल मात्र डोक्यात राहत नसे. चाल लक्षात ठेवायला सोबत असे लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा पाय गेलेला होता. एकदा ऐकलेली चाल तो जशीच्या तशी परत आणत असे. मेबेलनंही त्याच्याकडून वादनातलं बरंच काही घेतलं. तबकड्यांवर नाव आलं कार्टर कुटुंबाचं, गाण्यांचे हक्क नोंदले गेले ए. पी. कार्टरच्या नावावर. रिडलचं नाव कुठेच नव्हतं. १९६०च्या दशकात माइक सीगर या संग्राहकानं त्याला शोधून काढलं आणि त्याचं वादन ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा कुठे जगाला तो माहीत झाला.

ध्वनिमुद्रण आवाज टिकवतं, हे खरंच. पण कुणाचा आवाज आणि कुणाच्या खात्यावर, हे ठरवणारी पहिली वहीसुद्धा तेच असतं. रिडलच्या बाबतीत ती वही चुकीची लिहिली गेली आणि दुरुस्त व्हायला ३० वर्षांहून अधिक काळ लागला.

*

आता इंदापूरच्या रस्त्यावर परत यायचं. अमर शेख मूळचे बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी गाणारी होती. ओव्या, गाणी, चाली हे सगळं त्यांना घरातच मिळालं. गाडीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत मजुरी केली, संपात उतरले, तुरुंगात गेले. बार्शीकडून पुण्या-मुंबईला जायचं तर कुर्डुवाडी-टेंभुर्णी करून याच रस्त्याला लागावं लागतं. त्या काळात हा रस्ता अरुंद होता आणि उजनीचं पाणी अजून यायचं होतं.

१९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि दत्ता गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. आजच्या भाषेत याला बँडच म्हणायला हवं. पुढे शाहीर, मागे झीलकरी, हातात डफ, जोडीला ढोलकी आणि तुणतुणं. परंपरेनं आलेला साज, आशय मात्र पूर्णपणे नवा. तमाशात गण आधी गणेशाला वंदन करतो, अण्णा भाऊंनी तिथे मातृभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना बसवलं. १९४३ चा त्यांचा स्टालिनग्राडचा पवाडा मुंबईच्या गिरणगावात गाजला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ‘माझी मैना’ ही छक्कड मैदानामैदानांतून घुमली. ढोबळ नजरेनं ती गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण आहे, पण ऐकणाऱ्याला ठाऊक असे की ही ताटातूट मुंबई, बेळगाव, कारवार यांचीही आहे.

अमर शेखांच्या आवाजाबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांनी त्याच्या ताकदीबद्दल लिहिलं. हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज होता. असा आवाज मैदानासाठी घडलेला असतो. तिथे गाण्याची लांबी श्रोत्यांवर ठरते. सभेचा वक्ता यायला उशीर झाला की शाहीर आणखी एक कवन लावतो. पोलीस दिसले की ओळ बदलतो. समोर गिरणी कामगार असतील तर एक कडवं, शेतकरी असतील तर दुसरं. पवाडा तासभर चालतो आणि त्यात गद्यही येतं, टाळ्याही येतात, श्रोत्यांतून आलेला प्रतिसादही त्याचाच भाग होतो.

जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. या मापाशी साऱ्या जगातल्या लोकगायकांना झगडावं लागलं. अमेरिकेत वुडी गथ्री हा ओक्लाहोमाचा गायक दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी उठवलेल्या शेतकऱ्यांची गाणी म्हणत होता. १९४० साली व्हिक्टर कंपनीनं त्याचा ‘डस्ट बाउल बॅलड्स’ हा संच काढला. त्यातलं ‘टॉम जोड’ हे गाणं एका बाजूला बसेना. शेवटी ते मधोमध तोडून दोन बाजूंना घातलं. ऐकणाऱ्यानं उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची आणि मग उरलेली कथा ऐकायची. त्या काळी अशा सुट्या तबकड्या पुठ्ठ्याच्या पानांत घालून, फोटोंच्या वहीसारख्या बांधून विकत. अल्बम हे नाव तिथून आलं आणि वही गेल्यावरही टिकलं.

गथ्री आणि अण्णा भाऊ यांची भेट झालेली नाही, पण दोघांनी एकाच दशकात एकसारखं काम केलं. दोघांनी गावातल्या चाली घेतल्या आणि त्यात बेघर झालेल्या, गाव सोडून आलेल्या माणसांचं दुःख भरलं. फरक पडला तो यंत्रापाशी. गथ्रीला कंपनीनं स्टुडिओत बोलावलं आणि पुढे त्याची परवड झाली तरी आवाज मात्र राहिला. लाल बावटा कलापथक ज्या अवस्थेत मैदानात गायचं, त्या अवस्थेतला, झीलकऱ्यांसह, ढोलकीसह, गर्दीसह असा सलग अल्बम आज कुणाच्याही घरात नाही. छापील कवनं आहेत, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे अमर शेखांचे काव्यसंग्रह आहेत, ‘प्रपंच’ आणि ‘महात्मा फुले’ या चित्रपटांत त्यांचं दर्शन होतं. कलापथक मात्र हरवलं.

१९६९ चा पावसाळा या कलापथकाच्या दृष्टीनं भयंकर होता. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी इंदापूरजवळ अमर शेख गेले. एक ४९ वर्षांचा पुरा झाला नव्हता, दुसरा ५२ वर्षांचा होता. मराठी शाहिरीतले दोन सर्वांत मोठे आवाज दीड महिन्याच्या आत थांबले, तेव्हा देशात चांगले स्टुडिओ होते, एलपी होत्या, आकाशवाणी होती. साधनं नव्हती म्हणून हे राहून गेलं, असं म्हणता येत नाही. या गाण्याला अल्बमची योग्यता आहे, असं ठरवणाऱ्यांना वाटलं नाही.

*

लावणीची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण लावणी स्टुडिओत गेली आणि घराघरांत पोचली.

१९४७ साली राजकमलनं ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. जयराम शिलेदार रामजोशी झाले, हंसा वाडकर त्यांच्यासोबत होत्या, संगीत वसंत देसाईंचं. सोलापूर-बारामतीच्या मुलखात फिरलेल्या कवीची कवनं आणि ग. दि. माडगूळकरांनी त्याच ढंगात लिहिलेली नवी गाणी एकाच पडद्यावर आली. मग १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’मध्ये जगदीश खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल आणि सुलोचना चव्हाणांचा आवाज एकत्र आले.

सुलोचनाबाईंचं मोठेपण वादातीत आहे. १९३३ साली मुंबईत जन्मलेल्या या बाई तमाशाच्या फडावर कधी उभ्या राहिल्या नाहीत. शब्द कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, कुठे त्यात ठसका आणायचा, हे त्यांनी पती श्यामराव चव्हाण यांच्याकडून रियाझ करून घेतलं. डोक्यावर पदर घेऊन, मायक्रोफोनसमोर ताठ उभं राहून त्या गायच्या आणि तरी ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर नर्तकी दिसायची. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या.

स्टुडिओनं लावणीला हा आवाज दिला. पण याच काळात चौफुला, मोडनिंब, वाई इथे जी लावणी चालू होती, तिचं माप वेगळं होतं. संगीत बारीत बाई बसून गाते. एक ओळ घेते आणि ती ओळ डोळ्यांनी, मानेनं, बोटांनी, पदराच्या टोकानं पुन्हा पुन्हा वेगळी करून दाखवते. ओळ तीच, अर्थ दर खेपेला नवा. समोरच्या रसिकाची दाद आली तर तीच जागा आणखी खुलते. वाईच्या यमुनाबाई वाईकर ही अदाकारी शेवटपर्यंत जपणाऱ्या कलावंत होत्या. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, आणि २०१८ साली शंभरी पार केल्यावर निधन. तीन मिनिटांच्या तबकडीत बैठकीची लावणी घालायची, तर तिची अदा आधी काढून ठेवावी लागते. उरतात ते शब्द आणि चाल.

संगीत बारीच्या थिएटराबाहेरचे फलक वाचण्यासारखे असतात. तिथे पार्टी ओळखली जाते ती बाईच्या नावानं. बाईचं नाव, पुढे गावाचं नाव आणि मग ‘संगीत पार्टी’. मालकीण तीच, सुपारी घेणारी तीच, पेटीवाल्याचा आणि ढोलकीवाल्याचा हिशेब करणारी तीच. महाराष्ट्रात स्त्रियांच्या नावानं चालणारे इतके व्यवसाय दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात असतील, याची शंकाच आहे. सिनेमाच्या तबकडीवर मात्र छोट्याशा गोल चकतीत चित्रपटाचं नाव, पार्श्वगायिकेचं नाव आणि फार तर गीतकार-संगीतकार एवढीच जागा. चाल कुठल्या फडातून आली, ढोलकीवर कोण होतं, ही ठेका धरण्याची पद्धत कुणाच्या घराण्यातली, याला जागा नाही. कोल्हाटी, मांग, महार, गोपाळ अशा समाजांतल्या कलावंतांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेला माल ‘पारंपरिक’ या एका शिक्क्याखाली गेला. आणि चक्र उलटंही फिरलं. आज थिएटरात फर्माईश येते ती बहुतेक वेळा सिनेमातल्या गाण्याची, आणि जुनी बैठकीची लावणी येणारी बाई ती गाणी वाजवून नाचते.

कॅसेट आली तेव्हा ही अडवणूक काही काळ सैल झाली. १९८०च्या दशकात कोऱ्या कॅसेटा आणि टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, गल्लीबोळांत लहान कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ साली या उलथापालथीवर अख्खं पुस्तक लिहिलं. मराठीत या लाटेवर प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज गावोगाव गेला. पंढरीच्या वाटेवरच्या दुकानात विठ्ठलाची गाणी, जयंतीला भीमगीतं, कव्वालीचे सामने आणि एसटी स्टँडवरच्या टपरीत दिवसभर तोच आवाज. २००४ साली ते गेले, पण आषाढीला इंदापुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर ते ऐकू येतातच. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, अशा तीन पिढ्या गात्या राहिल्या. गावाच्या गाण्यातून उभं राहिलेलं मराठीतलं हे गायक घराणं. कार्टर कुटुंबाचं नाव घेतलं की त्यांची आठवण होणं साहजिक आहे.

*

कार्टर कुटुंबातल्या मेबेलकडे परत जायला हवं, कारण तिच्या उतारवयात एक असा अल्बम झाला की त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या शहरात १९६६ साली काही तरुण पोरांनी ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ काढला. लांब केस, दाढ्या, रॉकच्या जमान्यातली मुलं. पण त्यांचा जीव जुन्या गावाकडच्या गाण्यावर होता. ऑगस्ट १९७१ मध्ये ही मुलं नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत गेली. त्यांनी ज्यांची गाणी ऐकून वाद्यं हातात घेतली होती, त्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी बोलावलं. मेबेल कार्टर आली, वय ६२. बँजोचा बादशहा अर्ल स्क्रग्ज आला, अंध गिटारवादक डॉक वॉटसन आला, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन, फिडलवादक व्हासर क्लेमंट्स आले. रॉय एकफ या बुजुर्ग गायकाला आधी या केसाळ पोरांबद्दल शंका होती. त्यानं त्यांचं काम ऐकलं आणि तोही आला. बिल मनरो मात्र आला नाही.

सहा दिवसांत काम आटोपलं. वेगवेगळे ट्रॅक नंतर जोडायचे, चुका पुसायच्या, असा प्रकार नाही. सगळे एका खोलीत बसले आणि थेट दोन ट्रॅकच्या टेपवर गाणं उतरलं. निर्माता विल्यम मॅक्यूएन यानं गाण्यांच्या मधलं बोलणंही चालू टेपवर राहू दिलं. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस यांनी एकमेकांचं वादन ऐकलं होतं, पण भेट कधी झाली नव्हती. ती भेट या अल्बमवर ऐकू येते. दोन मोठे कलावंत संकोचून, आदरानं एकमेकांशी बोलतात. मेबेल एखादं गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं ते सांगते. कोण कुणाला काय शिकवतं, हे कानांना कळतं.

१९७२ साली ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ या नावानं तीन एलपींचा हा संच निघाला. शीर्षक कार्टर कुटुंबानं गाजवलेल्या भक्तिगीताचं. आणि कव्हरवर बँडच्या नावाबरोबर त्या सगळ्या बुजुर्गांची नावं, वाचता येतील अशा अक्षरांत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं पुढे हा अल्बम जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतला. तो विकला गेला, गाजला, हे चांगलंच झालं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तरुणांनी आपल्या नावाच्या जोरावर म्हाताऱ्यांना कव्हरवर आणलं. कार्टर कुटुंबाच्या तबकड्यांवर लेस्ली रिडलच्या वाट्याला जे आलं नाही, ते निदान या खोलीतल्या माणसांच्या वाट्याला आलं.

असा अल्बम मराठीत झालेला नाही. लोकधारा झाल्या, फ्युजन झालं, लोकगीतांवर कितीतरी चित्रपटगीतं बांधली गेली, त्यातली काही फार सुंदर आहेत. पण ज्या माणसांकडून गाणं आलं, त्यांना स्टुडिओत आपल्या बरोबरीनं बसवून, त्यांच्या लांबीनं, त्यांच्या बोलण्यासह आणि त्यांच्या नावानं मुद्रण करायचं, हे राहून गेलं आहे.

मराठीत नाव जपणारं काम झालं ते स्टुडिओबाहेर, जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण कार्यकर्त्या बायकांच्या सोबतीनं जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. १९९०च्या दशकात संगीताचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल या कामात आले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवाँ २००४ साली गेले. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेनं हा संग्रह लोकांसमोर आणायला घेतला. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या ओव्याही त्यात आहेत.

या संग्रहाची शिस्त बघण्यासारखी आहे. प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव, गाव, तालुका. ओवी साऱ्या मुलखाची असली तरी ती त्या दिवशी त्या बाईनं म्हटली, हे तिथे नोंदलेलं आहे. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. पहाटे दोघी समोरासमोर बसून, खुंट्याला हात घालून, भावाची, सासरची, पंढरीची, कधी सीतेच्या वनवासाची ओवी ओढायच्या, तो प्रसंग आता घडत नाही. पण बाईच्या नावानिशी तिचा आवाज आहे. रेकॉर्ड कंपन्यांना जे शंभर वर्षांत जमलं नाही, ते मोजक्या माणसांनी टेपरेकॉर्डर आणि वही घेऊन केलं.

*

मग या रस्त्याचा अल्बम कसा असेल? कल्पना करायला हरकत नाही, कारण बहुतेक सामग्री अजून जिवंत आहे. नारायणगाव या रस्त्यावर नसलं, तरी तिथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. या फडांमध्ये ढोलकीची सलामी वाजवणारे पट्टीचे वादक आहेत. ढोलकी मायक्रोफोनला अवघड वाद्य आहे. जवळ ठेवली तर गायिकेला गिळते, लांब ठेवली तर तिची घुमारी आणि शाईवरचा टणत्कार दोन्ही जातात. त्यामुळे स्टुडिओत तिला बहुधा वेगळं कोंडतात, आणि मग गाणारी आणि वाजवणारा यांची नजरानजर तुटते. वुडलँडमध्ये सगळे एका खोलीत बसले होते, ते कारण इथेही लागू आहे. काचेच्या दोन बाजूंना बसून सवाल-जवाब होत नाही.

धनगरी ढोलाला तर खोलीच नको. तो माळावरच मुद्रित करावा. गजी खेळणाऱ्यांच्या पायांचा आवाज, रुमालांची फडफड आणि मधूनच मेंढरांचं ओरडणं त्यासकट. पालखीतली दिंडी चालती असते. वीणेकरी मधे, टाळकरी दोन्ही अंगांना, पखवाज मागेपुढे होत राहतो. एका जागी उभं राहून मुद्रण केलं तर ती येते, भरते आणि दूर जाते. त्यात वाईट काही नाही, दिंडी अशीच ऐकायची असते. बैठकीच्या लावणीला अख्खी बाजू द्यावी आणि घड्याळ बघू नये. आता तबकडीचं माप कुणाला अडवत नाही, फोनवर तासाचं गाणंही तेवढ्याच सहजतेनं चालतं.

अडचण उरते ती हक्कांची. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क त्यात आला १९९४ च्या दुरुस्तीनं. त्याआधी मायक्रोफोनसमोर बसलेल्या ढोलकीवाल्याला, झीलकऱ्याला त्या दिवसाची बिदागी घेऊन निघण्यापलीकडे कायद्यानं काही दिलेलं नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्यांच्या रॉयल्टीचा मुद्दा आणखी पुढे नेला. ज्या गाण्याचा कर्ता माहीत नाही, त्या पारंपरिक गाण्याचं काय, यावर कायदा आजही नीटसं बोलत नाही. म्हणून मुद्रणाच्या दिवशीच कागद करावा लागतो. कोण गायलं, कोण वाजवलं, चाल कुणाकडून आली, पैसे कुणाला किती आणि किती वर्षं. वस्तीवरच्या माणसाला वाचून दाखवून, मराठीत.

याच कायद्यानुसार कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली गेले, तेव्हा १ जानेवारी २०३० पासून त्यांची कवनं सगळ्यांसाठी खुली होतील. त्या वर्षी अनेकजण ती गायला घेतील, नव्या वाद्यांवर, नव्या चालींत, मोठ्या स्टुडिओंत. बार्शी, अण्णा भाऊंचं वाटेगाव, गिरणगाव इथे ही कवनं ज्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकली, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मूळ चाल कशी होती, झील कुठे उचलली जायची, डफाची थाप कुठे पडायची, हे सांगू शकणारे तेच आहेत. त्यांना खोलीत बोलवायचं असेल, तर २०३० ची वाट बघून चालणार नाही. परवानगीचं पत्र वारसांकडून आजही मिळू शकतं.